संशोधकाचा परिचयांक : नामसाम्याच्या प्रश्नावरील एक नवें साधन

१. जुन्या ग्रंथांचा व कागदपत्रांचा अभ्यास करूं लागणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, हें लिहिणारा कोण? ग्रंथावर नांव असतें. परंतु नांव म्हणजे व्यक्ति नव्हे. एका नांवाचे अनेक पुरुष होऊन जातात आणि एकाच पुरुषाचीं अनेक नांवें आढळतात. पहिल्या प्रकारांत अनेकांचें कर्तृत्व एकाच्या पदरांत पडतें. दुसऱ्या प्रकारांत एकाचेंच कर्तृत्व अनेकांत वांटलें जातें. मृत ग्रंथकारांच्या बाबतींतला हा घोळ निस्तरण्यांत संशोधकांच्या पिढ्या खर्चीं पडल्या आहेत. तोच घोळ आज हयात संशोधकांच्या बाबतींत नव्यानें वाढत आहे. तो टाळण्यासाठीं संशोधकाच्या नांवास एक कायमचा क्रमांक जोडण्याची पद्धति २०१२ पासून जगांतील पुष्कळ देशांत रूढ होत गेली आहे. या क्रमांकास 'ओपन रिसर्चर अँड कॉन्ट्रिब्यूटर आयडी' या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून 'ऑर्किड आयडी' असें म्हणतात. प्रस्तुत लेखांत त्यास परिचयांक म्हटलें आहे. हा परिचयांक काय आहे, काय नाहीं, आणि विद्यापीठांच्या बाहेर राहून पोथ्या जमविणाऱ्या व टिपणें लिहिणाऱ्या मंडळींनीं तो कां घ्यावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

२. प्रथम नामसाम्याचा प्रश्न किती जुना आहे तें पाहूं. भास्कर हें नांव घ्या. इ. स. ६२९ मध्यें आर्यभटीयावर भाष्य लिहिणारा, महाभास्करीय व लघुभास्करीय या ग्रंथांचा कर्ता भास्कर हा एक. शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें जन्मलेला आणि शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धांतशिरोमणि रचणारा भास्कराचार्य हा दुसरा. दोघेही ज्योतिषी, दोघेही गणिती, दोघांचेही ग्रंथ संस्कृतांत. आज आपण त्यांस 'पहिला' व 'दुसरा' म्हणतों. परंतु हीं विशेषणें त्यांचीं स्वतःचीं नव्हेत, तीं आधुनिक अभ्यासकांनीं सोयीसाठीं लाविलेलीं आहेत. शिवाय मराठींत शिशुपालवध व उद्धवगीता लिहिणारा महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर हा निराळाच.

सिद्धांतशिरोमणिकाराविषयीं आपणांस निःशंकपणें बोलतां येतें, याचें कारण त्यानें स्वतःच आपलें गोत्र शांडिल्य, पित्याचें नांव महेश्वर, सह्याद्रीलगतचें विज्जडविड हें गांव आणि आपला जन्मशक हीं नमूद करून ठेविलीं आहेत. या स्वकथनास दुसऱ्या बाजूनें पुष्टि मिळते. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत भास्कराचार्याचा नातू चांगदेव याच्या घराण्याची वंशावळ दिलेली असून, भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याच वंशावळींत कांहीं पिढ्या मागें भास्करभट्ट नांवाचा आणखी एक पूर्वज आहे व त्यास भोजराजाकडून विद्यापति ही पदवी मिळाल्याचें सांगितलें आहे. म्हणजे एका घराण्यांत, एका शिळेवर, दोन भास्कर. त्यांचा घोटाळा होत नाहीं, तो केवळ पित्यापुत्रांची सांखळी शिळेवर शाबूत राहिली म्हणून. कर्त्याचें स्वतःचें निवेदन आणि तिऱ्हाइताची साक्ष, हे दोन पुरावे जुळले कीं ओळख पक्की होते. हें सूत्र पुढें उपयोगी पडणार आहे.

जेथें असे दोन पुरावे नाहींत, तेथें वाद माजतात. नामदेव व विष्णुदास नामा यांच्या रचना नामसाम्यामुळें एकमेकींत मिसळल्या. ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव हे एक कीं दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या लेखकानें उपस्थित केला, व त्यावर पुढें पुष्कळ शाई खर्च झाली. संस्कृत ग्रंथकारांच्या बाबतींत ऑफ्रेख्ट यांनीं आपल्या कॅटलोगस कॅटलोगोरमचे तीन भाग १८९१, १८९६ व १९०३ या सालीं प्रसिद्ध केले. मद्रास विद्यापीठानें १९३५ सालीं त्याच धर्तीवर नवी सूचि हातीं घेतली. तिचा पहिला खंड १९४९ सालीं निघाला. या सूची चाळणाऱ्यास दिसेल कीं, एका नांवाखालीं अनेक ग्रंथकार ओळीनें मांडून, पिता, गुरु, गांव व काळ यांवरून त्यांस एकमेकांपासून वेगळें करणें हा त्यांतील मोठा भाग आहे.

३. आतां कोणी म्हणेल, हें सर्व छापखान्यापूर्वींचें झालें. छापील पुस्तकावर कर्त्याचें नांव स्पष्ट असतें. तसें नाहीं. पुण्यांतीलच उदाहरण देतों. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड १८९८ पासून प्रसिद्ध करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (मृत्यु १९२६) सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे वडील बंधु वैजनाथ काशीनाथ राजवाडे हे वेदविद्येचे पंडित. यास्काच्या निरुक्ताची त्यांनीं संपादिलेली आवृत्ति भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९४० सालीं प्रसिद्ध केली. देवनागरींत एक 'वि. का.' व दुसरे 'वै. का.' असा एका मात्रेचा तरी भेद राहतो. रोमन लिपींत मात्र दोघेही 'व्ही. के. राजवाडे' होतात. आडनांव एक, आद्याक्षरें एक, शहर एक. विषयावरून निवड करावी म्हटलें, तर इतिहासाचार्यांचाही व्याकरण व व्युत्पत्ति यांचा व्यासंग दांडगा होता; ज्ञानेश्वरींतील मराठी भाषेच्या व्याकरणावर त्यांनीं ग्रंथच लिहिला आहे. आपल्या प्रांतांतील वाचकास हा भेद परंपरेनें माहीत असतो. परदेशांतील ग्रंथालयांत सूचि करणाऱ्यास किंवा केवळ अक्षरें जुळवून याद्या तयार करणाऱ्या संगणकास तो माहीत असण्याचें कारण नाहीं.

याच्या उलट प्रकारही तितकाच घडतो. 'राजवाडे' हें आडनांव रोमन लिपींत लिहितांना 'व' साठीं डब्ल्यू घालावा कीं व्ही, आणि 'ज' मधील अकार लिहावा कीं गाळावा, यांचे निरनिराळे मेळ रूढ आहेत. प्रत्येक मेळ यंत्राच्या लेखीं निराळा माणूस होतो. विवाहानंतर स्त्रियांचें नांव व आडनांव बदलण्याची आपली रीति आहे. त्यामुळें विदुषींचें पूर्वींचें लेखन एका नांवावर आणि नंतरचें दुसऱ्या नांवावर राहतें. कोणी मराठींत पूर्ण नांव देतो, इंग्रजींत आद्याक्षरें देतो, आणि एखाद्या मासिकांत टोपणनांवानेंच लिहितो.

संग्राहकांच्या दृष्टीनें यांत आणखी एक नुकसान आहे. जुन्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनांत 'रा. जोशी यांच्या संग्रहांतील पोथी' एवढाच उल्लेख पुष्कळदां असतो. तो जोशी कोण, कोणत्या गांवचा, हें न कळल्यामुळें पोथीचा माग तेथेंच खुंटतो. संपादकानें आधारास घेतलेली प्रत पुन्हां तपासावयाची म्हटलें, तर ती कोणाच्या वारसांकडे शोधावी? येथें हरवतें तें केवळ एका गृहस्थाचें श्रेय नव्हे. पाठ ताडून पाहण्याचें साधनच हरवतें.

४. या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याचा इतिहास थोडक्यांत असा. २००९ सालीं कांहीं प्रकाशक व संशोधनसंस्था यांनीं एकत्र येऊन संशोधकांची एक सामाईक नोंदवही असावी असा विचार केला. २०१० सालीं अमेरिकेंत ऑर्किड या नांवाची, नफा न घेणारी संस्था नोंदली गेली; आणि ऑक्टोबर २०१२ मध्यें तिची नोंदवही सर्वांस खुली झाली. २०२० च्या अखेरीस नोंदींची संख्या एक कोटीवर गेली होती. नोंद करणाऱ्या व्यक्तीस कांहीं मूल्य द्यावें लागत नाहीं. सभासद झालेल्या संस्थांच्या वर्गणीवर हा खर्च चालतो. नोंद ज्याची त्यानेंच करावयाची असते; एकानें दुसऱ्याच्या वतीनें ती करावयाची नाहीं.

नोंदींत आपलें नांव, आपण वापरीत असलेलीं अन्य नांवें, शिक्षण, संस्था व लेखन यांची माहिती घालतां येते. त्यांतील कोणती बाब सर्वांस दिसावी, कोणती विश्वासांतील संस्थांसच दिसावी आणि कोणती केवळ स्वतःपुरती असावी, हें धन्यानें ठरवावयाचें असतें. लेखनाची यादी दोन वाटांनीं भरते. एक, संशोधक स्वतः भरतो. दोन, प्रकाशकानें लेख छापतांना परिचयांक घेतला असेल, तर लेखाची नोंद त्याच्याकडून, नोंदकर्त्याच्या संमतीनें, आपोआप येऊन बसते. आणि ती कोठून आली हेंही तेथें दिसतें. वर भास्कराचार्यांच्या बाबतींत स्वकथन व तिऱ्हाइताची साक्ष असे जे दोन पुरावे सांगितले, तेच हे दोन प्रकार होत. वाचकानेंही त्यांस तसेंच तोलावें : स्वतः लिहिलेली नोंद हें निवेदन, दुसऱ्यानें घातलेली नोंद ही साक्ष.

५. परिचयांकाची घडण सोपी आहे. त्यांत सोळा स्थानें असून तीं चार चारांच्या चार गटांत मांडतात. पहिल्या पंधरा अंकांत कोणताही अर्थ दडलेला नाहीं. देश, विषय, पद किंवा वय यांचा त्यांत बोध होत नाहीं. सोळावा अंक तेवढा तपासणीचा असतो, व तो पहिल्या पंधरांवरून गणितानें निघतो. रीति अशी : डावीकडील पहिला अंक घेऊन त्याची दुप्पट करावी, तींत पुढचा अंक मिळवून पुन्हां दुप्पट करावी, याप्रमाणें पंधरा अंक संपवावे. आलेल्या संख्येस ११ नीं भागून जी बाकी उरेल ती १२ मधून वजा करावी. उत्तर ११ किंवा १२ आल्यास त्यांतून ११ काढून टाकावे. १० आल्यास एक्स हें रोमन अक्षर लिहावें.

ऑर्किड संस्था नमुन्यादाखल जो क्रमांक दाखविते तो ००००-०००२-१८२५-००९७ असा आहे. आरंभींचीं सात शून्यें सोडलीं, तर २ ची दुप्पट ४; ४ व १ मिळून ५, दुप्पट १०; १० व ८ मिळून १८, दुप्पट ३६; ३६ व २ मिळून ३८, दुप्पट ७६; ७६ व ५ मिळून ८१, दुप्पट १६२; पुढील दोन शून्यांमुळें ३२४ व ६४८; ६४८ व ९ मिळून ६५७, दुप्पट १३१४. तीस ११ नीं भागल्यास बाकी ५. १२ मधून ५ गेले, राहिले ७. शेवटचा अंक ७ च आहे. आतां लेखकाच्या हातून १८२५ च्या जागीं १८५२ पडलें असें समजा. मग उत्तर ३ येतें, ७ शीं जुळत नाहीं, आणि चूक तत्काळ उघडी पडते. एक अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही तपासणी चुकत नाहीं. वेदाक्षरांचें रक्षण व्हावें म्हणून आपल्या पूर्वजांनीं क्रम, जटा, घन इत्यादि पाठ योजिले. त्यांतील हेतु हाच होता कीं, एका जागीं झालेली चूक दुसऱ्या जागीं पकडली जावी. हस्तलिखितांत अंकांची काय दशा होते हें जाणणाऱ्या वाचकांस या योजनेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

६. क्रमांकांत अर्थ नसावा, असें कां? याचें उत्तर पुण्यांतच आहे. मुंबई सरकारनें १८६८ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन आदि विद्वानांकडून जो संस्कृत पोथ्यांचा संग्रह करविला, त्यांतील पोथीचा निर्देश 'अमुक सालच्या संग्रहांतील अमुक नंबर' असा करतात. हा संग्रह प्रथम मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत होता. १८७८ सालीं तो डेक्कन कॉलेजांत आला. १९१८ सालीं भांडारकर मंदिराकडे सोंपविण्यांत आला. तीन वास्तु झाल्या, कपाटें बदललीं, परंतु नंबर बदलले नाहींत. याचें कारण त्या नंबरांत कपाटाचा किंवा वास्तूचा निर्देशच नव्हता. 'डेक्कन कॉलेज, कपाट तिसरें, फळी दुसरी' असा निर्देश रूढ झाला असता, तर १९१८ नंतर जुन्या ग्रंथांतील प्रत्येक टीप निरर्थक ठरली असती.

संगणकावरील पत्त्यांचें नेमकें असेंच झालें आहे. संस्थेचें संकेतस्थळ बदललें कीं तेथील पत्ता मरतो. नोकरी सुटली कीं त्या कार्यालयाचा ई-पत्ता बंद पडतो. परिचयांक मात्र नोकरी, गांव, नांव यांपैकीं कांहींही बदललें तरी तोच राहतो, आणि एकास दिलेला क्रमांक पुन्हां दुसऱ्यास दिला जात नाहीं. लेखांसाठीं डीओआय म्हणून जो क्रमांक देतात, त्याचेंही तत्त्व हेंच आहे. एक लेखाचा कायम क्रमांक, एक लेखकाचा. दोन्ही एकमेकांस जोडले म्हणजे 'कोणी काय लिहिलें' हें निश्चित होतें. अर्थात् ही चिरस्थायिता अंकांचा गुण नव्हे. पोथ्यांचे नंबर टिकले ते तीन संस्थांनीं ते मोडले नाहींत म्हणून. परिचयांकही त्याची नोंदवही राखणारी संस्था आणि तिला पोसणाऱ्या संस्था यांनीं वचन पाळलें, तरच टिकेल.

७. आतां मर्यादा सांगितल्या पाहिजेत. वर दिलेला नमुन्याचा क्रमांक ज्याच्या नांवावर आहे, तो जोसाया कारबेरी हा अध्यापक कधींच जन्मलेला नाहीं. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत १९२९ सालीं कोणीं विनोदानें त्याच्या व्याख्यानाची खोटी सूचना फलकावर लाविली, तेव्हांपासून हें कल्पित पात्र तेथें नांदत आहे. आणि फुटक्या मडक्यांचें शास्त्र हा त्याचा विषय मानतात. ऑर्किडनें त्याची नोंद उघडपणें, उदाहरण म्हणून ठेविली आहे. परंतु तिच्यापासून बोध असा घ्यावा कीं, परिचयांक असणें म्हणजे विद्वत्तेचें प्रमाणपत्र नव्हे. 'हा आणि तो एकच' एवढेंच परिचयांक सांगतो. 'हा खरा, तो खोटा' हें सांगत नाहीं. लेखाची पारख पूर्वींप्रमाणें पुराव्यावरूनच करावी लागेल.

दुसरी मर्यादा अशी कीं, नोंद स्वतः करावयाची असल्यामुळें दिवंगतांस हा क्रमांक मिळूं शकत नाहीं. त्यांच्यासाठीं इस्नी या नांवाची निराळी आंतरराष्ट्रीय योजना आहे. तिचें मानक, आयएसओ २७७२९, २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. तिचाही क्रमांक सोळा स्थानांचाच असतो, आणि ग्रंथालयें व नोंदणीसंस्था यांच्या मार्फत तो हयात व मृत अशा दोन्ही ग्रंथकारांस दिला जातो. ऑर्किडचे क्रमांक इस्नीनें राखून दिलेल्या अंकांतून घेतलेले असल्यामुळें एकाचा ऑर्किड व दुसऱ्याचा इस्नी क्रमांक सारखा निघण्याचा संभव राहत नाहीं. याखेरीज निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची एकत्र जुळविणारी व्हीआयएएफ ही योजना आहे. दोघे राजवाडे बंधु, किंवा आपल्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांतून केवळ आद्याक्षरांनीं उरलेले लेखक, यांची सोय अशाच मार्गांनीं लागावयाची आहे; आणि त्यास लागणारी पिता, गांव, जन्ममृत्यु यांची माहिती स्थानिक अभ्यासकांवांचून दुसरा कोणीही पुरवूं शकणार नाहीं.

८. कांहीं मंडळी म्हणतील कीं, माणसाचा आंकडा करणें बरें नव्हे. परंतु येथें नांवाच्या जागीं आंकडा येत नाहीं. तो नांवाच्या शेजारीं बसतो, आणि नांवाची लिपि, आद्याक्षरें किंवा आडनांव बदललें तरी धनी हरवूं देत नाहीं. दुसरे म्हणतील कीं, यांत आत्मप्रौढी आहे. पुष्पिकेंत 'अमुकाचा पुत्र, अमुक गांवचा रहिवासी, अमुक शकीं' असें लिहिणाऱ्यास आपण गर्विष्ठ समजत नाहीं. उलट त्यानें तें लिहिलें म्हणून त्याचे आभार मानतों. आणि ज्यानें लिहिलें नाहीं, त्याच्यापायीं आयुष्यें खर्च करतों.

विद्यापीठांतील अध्यापकांस त्यांचें पद व संस्था यांची तरी ओळख असते. गांवोगांवीं राहून बखरी, सनदा व पोथ्या जतन करणाऱ्या स्वतंत्र अभ्यासकामागें संस्थेचें नांव नसतें. म्हणून त्याचें दोन पानांचें टिपण दुसऱ्याच्या नांवावर जाण्याचा धोका त्यास सर्वांत अधिक. त्यानें पुढील गोष्टी कराव्या. परिचयांक एकदांच घ्यावा. चुकून दोन झाल्यास ते एकत्र करून घ्यावे. नोंदींत आपलें पूर्ण नांव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत द्यावें, आणि आजवर वापरलेलीं सर्व रूपें, टोपणनांवें व पूर्वींचीं नांवें 'अन्य नांवें' या सदरांत लिहावीं. नोकरीच्या ई-पत्त्यावर अवलंबून न राहतां खाजगी पत्ताही नोंदवावा. जवळच्या पोथ्यांची यादी तयार असल्यास ती झेनोडो यासारख्या मुक्त भांडारांत ठेवावी. २०१३ सालीं सर्न या यूरोपीय संशोधनसंस्थेनें चालू केलेल्या या भांडारांत कोणासही विनामूल्य ठेव ठेवतां येते, व ठेवीस डीओआय क्रमांक मिळतो. तो आपल्या परिचयांकास जोडला, म्हणजे 'रा. जोशी यांच्या संग्रहांतील पोथी' कोणत्या जोशींची, हा प्रश्न पुढच्या पिढीस पडणार नाहीं.

संस्थांनींही एवढें करावें कीं, लेख स्वीकारतांना लेखकाचें पूर्ण नांव व परिचयांक मागून घ्यावा, आणि लेखाच्या शिरोभागीं नांवाखालीं तो छापावा. जागा एका ओळीची लागते. आणि ही एक ओळ लेखक हयात असतांनाच लिहून घेतां येते.